बीम संपला, मारू गाठी

1. रडू कुठं गेलं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात गणपतीचा कार्यक्रम होता. माग बंद, मध्ये सतरंज्या, कडेला पॅकिंगचे खोके रचून केलेलं स्टेज. कांडी भरणारा एक पोरगा माईकपाशी गेला, मोबाईलवर कराओके लावलं आणि सगळ्यांना पाठ असलेलं एक जुनं प्रेमगीत गायला लागला. आवाज चांगला होता, त्यामुळे पहिलं कडवं लोकांनी माना डोलवत ऐकलं. दुसऱ्या कडव्यात त्यानं प्रेयसीच्या जागी ओव्हरटाईम बसवला. नायक झुरतोय, तळमळतोय, पण ज्याची वाट बघतोय तो ओव्हरटाईमचा पगार. सतरंजीवर लोक हसून लोळले. मालकही हसले, जरा जपून.

कार्यक्रम उरकल्यावर चहाच्या कपासरशी तिथल्या वयस्क जॉबरनं मला गाठलं. जॉबर म्हणजे मागाची दुरुस्ती बघणारा माणूस. कुठला खिळा कधी ढिला होणार हे यांना आवाजावरून कळतं.

"सर, एक इचारू का? हे गाणं लागलं की आमच्या मंडळीच्या डोळ्यांत पाणी येतं. पोरानं शब्द फिरवले तर हसू. चाल तर तीच हाय की ओ. मग रडू कुठं गेलं?"

प्रश्न बिनतोड होता. प्रेमगीतांची टर उडवणारी गाणी, म्हणजे ज्याला आपण विडंबन म्हणतो, ती नेमकी कशी चालतात, याचं उत्तर शोधताना मला त्या जॉबरच्याच मागापाशी परत यावं लागलं. पुढचं प्रकरण त्या चहाच्या कपाचं देणं आहे.

2. खालचा धागा ताठ, वरचा सैल

टॉवेल हातात घेऊन निरखून पाहा. अंगभर सुताचे बारीक लूप उभे असतात. पाणी तेच शोषतात. हे लूप कुणी शिवत नाही, चिकटवत नाही. मागावर कापड विणताना ते आपोआप उभे राहतात.

टॉवेलच्या मागावर उभे धागे दोन प्रकारचे. एक ताठ ताणलेले, हे टॉवेलचं अंग. दुसरे मुद्दाम सैल सोडलेले. आडवा धागा घेऊन धोटा जातो आणि फणी त्या धाग्याला ठोकून कापडाला भिडवते. पण टॉवेलमध्ये गंमत अशी की पहिले दोन आडवे धागे फणी पूर्ण ठोकत नाही, थोडं अंतर राखून सोडते. तिसरा धागा गेला की तिघांना एकदम कापडापर्यंत ढकलते. ताठ धागे जागचे हलत नाहीत. सैल धाग्यांना मात्र मागं जायला जागा नसते, म्हणून ते वर उसळतात. तोच लूप.

विडंबनाची हीच रीत. चाल हा ताठ धागा. ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं ताणून बसलेली असते. पुढे काय येणार हे त्याला शब्द येण्याआधीच माहीत असतं. शब्द हा सैल धागा. दोन ओळी सरळ जाऊ द्यायच्या, तिसरीला ठोकायचं. हसू वर येतं ते तिथं.

आता जॉबरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. रडू कुठं गेलं नाही, ते ताठ धाग्यात तसंच आहे. पोरगा गात असताना ऐकणाऱ्याच्या मनात मूळ गाणं समांतर चालू असतं. एका कानात विरह, दुसऱ्या कानात ओव्हरटाईम. मूळ गाणं माहीत नसलेल्या माणसाला या विनोदाचा काहीच उपयोग नाही. त्याला तो पोरगा पगाराबद्दल जरा जास्तच हळवा वाटेल, एवढंच.

या कारखान्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. तरी सगळे एकाच ठोक्याला हसले. गाणी सगळ्यांनी एकाच रेडिओवर ऐकलेली होती.

3. भरतमुनींनी आधीच लिहून ठेवलेलं

भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात रसांची चर्चा आहे. रस आठ, त्यातले चार मूळचे आणि उरलेले चार त्यांच्यापासून निघालेले. रौद्रातून करुण, वीरातून अद्भुत, बीभत्सातून भयानक. आणि हास्य कशातून? शृंगारातून. भरत पुढं जाऊन असंही सांगतो की शृंगाराची नक्कल केली की हास्य होतं.

कितीतरी रस असताना हसण्याचा उगम त्यानं नेमका प्रेमात शोधला. कारण उघड आहे. प्रेमात पडलेला माणूस गंभीर असतो, आणि शेजारून बघणाऱ्याला तो गंभीर वाटत नाही. नक्कल करणाऱ्याला फारसं काही करावंही लागत नाही.

4. त्या गुलाबांचं पुढे काय झालं?

मराठीत प्रेमकवितेची सगळ्यात गाजलेली टर उडवली ती आचार्य अत्र्यांनी. पुस्तक 'झेंडूची फुले', साल 1925, आणि अत्र्यांनी त्यासाठी घेतलेलं नाव 'केशवकुमार'.

ते पुस्तक कळायला आधी तेव्हाचं पुणं डोळ्यांसमोर आणावं लागतं. 1923 मध्ये तिथं रविकिरण मंडळ स्थापन झालं होतं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे अशी मंडळी. ते एकत्र जमत, चहा पीत, एकमेकांना कविता ऐकवत. माधव ज्यूलियन फारसीचे जाणकार. गझल मराठीत रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. या कवींनी आणखी एक गोष्ट केली. कविता छापून गप्प बसण्याऐवजी ते ती लोकांपुढे गाऊन दाखवू लागले. काव्यगायनाला गर्दी होऊ लागली, कवितांच्या चाली लोकांच्या तोंडी बसल्या. म्हणजे आपल्या हिशेबानं ताठ धागा तयार झाला. अत्र्यांना फक्त सैल धागा सोडायचा होता.

पुस्तकाच्या नावापासूनच सुरुवात. कवितासंग्रहाला नाजूक, सुगंधी फुलाचं नाव द्यायचं ही रीत. झेंडू म्हणजे दसऱ्याला ढिगानं विकत मिळणारं, ट्रकच्या बोनेटपासून मागाच्या चाकापर्यंत कुठेही बांधतात ते फूल.

त्यातली 'प्रेमाचा गुलकंद' ही कविता घ्या. एक प्रेमवीर प्रेयसीला नेमानं गुलाब देतो. बोलत काही नाही. फूल द्यायचं, उसासा टाकायचा आणि परत जायचं. असे कितीतरी दिवस जातात. शेवटी त्याचा धीर सुटतो आणि तो उत्तर मागतो. ती आत जाते आणि बरणी घेऊन येते. इतक्या दिवसांच्या गुलाबांचा तिनं गुलकंद घातलेला असतो.

इथं अत्र्यांनी काय केलं ते जवळून बघण्यासारखं आहे. प्रेयसी त्याला झिडकारत नाही, खोटं बोलत नाही, दुसऱ्यावर प्रेमही करत नाही. प्रेमकवितेत गुलाब ही खूण असते, तिचा अर्थ हृदयापर्यंत जायचा असतो. ती बाई खूण वाचतच नाही, तिला गुलाब दिसतो. घरात गुलाब साठले तर कुठलीही शहाणी बाई साखर घालून उन्हात ठेवणार. सगळी कविता त्या एका बरणीवर उभी आहे. माझ्या मते मराठी विडंबनात याहून सुंदर वस्तू नाही.

'परिटास' या कवितेतही तेच तंत्र. विरहिणीच्या आर्जवी सुरात वाट बघायची, फक्त धोब्याची. कपडे अडकल्यावर माणूस किती व्याकूळ होतो हे ज्यानं अनुभवलंय त्याला ती विरहगीत म्हणूनही चालेल.

अत्र्यांना प्रेमकवितेचा राग होता का? अजिबात नाही. ते गोविंदाग्रजांना, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांना, गुरू मानणारे. आणि 'झेंडूची फुले' नंतर 13 वर्षांनी, 1938 मध्ये, त्यांनीच मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी' या चित्रपटाची कथा आणि गाणी लिहिली. त्यातलं एक गाणं मीनाक्षी शिरोडकरांनी पोहण्याच्या पोशाखात गायलं. कठोर ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या नायकाची त्या पाण्याकाठी काय अवस्था होते, हा विनोद. पण गाणं स्वतः इतकं लाडिक की लोकांनी विनोद बाजूला ठेवला आणि गाणंच डोक्यावर घेतलं. ज्याला चांगलं प्रेमगीत लिहिता येतं त्यालाच त्याची चांगली टर उडवता येते, याला यापेक्षा जवळचा पुरावा कुठला?

5. गाण्याला पत्ता लागतो

कविता कागदावर असते. नाटकातलं गाणं मात्र कुणीतरी कुणाला तरी उद्देशून, सगळ्यांदेखत म्हणतं. त्याला पत्ता असतो. म्हणून टर उडवायला रंगभूमी जास्त सोयीची.

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' 1899 चं. कांचनभट पैशाच्या लोभानं आपली कोवळी मुलगी शारदा भुजंगनाथ या म्हाताऱ्या श्रीमंताला द्यायला निघालाय. नवरदेवाचं वय पंचाहत्तरच्या घरात. अशा वेळी शारदेची मैत्रीण एक गाणं म्हणते. गाणं वरकरणी नवऱ्याची तरफदारी आहे: तो काही इतका म्हातारा नाही हो!

प्रेमगीतात एक जुनी रीत असते, नखशिखांत वर्णनाची. केस असे, डोळे तसे, दात मोत्यांसारखे, मान हंसासारखी. देवलांनी तीच यादी घेतली आणि हजेरी लावली. दात निघून गेलेले, कान कामातून गेलेले, डोळे रुसलेले, मान सारखी 'नाही' म्हणत हलणारी. प्रेमगीताचा सांगाडा शाबूत आहे. प्रत्येक रकान्यात फक्त 'गैरहजर' असा शिक्का आहे. हसता हसता प्रेक्षकाच्या लक्षात येतं की शेजारी ती मुलगी उभी आहे, आणि ती हसत नाही. अत्र्यांचा गुलकंद गोड लागतो. देवलांचं गाणं घशात अडकतं.

(जाता जाता एक गैरसमज. 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक 'शारदा कायदा' म्हणतात आणि त्याचा संबंध या नाटकाशी जोडतात. तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो. मात्र या नाटकानं महाराष्ट्रात मनं तयार केली, त्यामुळे गफलत अगदीच अन्यायाची नाही.)

तमाशात तर ही सोय रचनेतच करून ठेवली आहे. गण झाला की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, शृंगाराला पुरेपूर वाव. आणि त्यांच्या बरोबरीनं मावशी, पुरुषानंच केलेली. राधा लाजली की मावशी तिच्याहून दुप्पट लाजते. भरतमुनींनी सांगितलेली शृंगाराची नक्कल, पदराचं टोक दातात धरून. सोलापूरकरांना हे नवं नाही. पेशवाईतला शाहीर राम जोशी याच गावचा, आणि लावणी लिहिणारा हा वैदिक घराण्यातला माणूस शृंगार आणि थट्टा एकाच डफावर वाजवत असे.

6. गाणं स्वतःबद्दलच बोलू लागतं

आतापर्यंतच्या गाण्यांत प्रेमाच्या जागी दुसरी वस्तू आली: ओव्हरटाईम, गुलकंद, धोबी, म्हातारपण. आता एक पायरी वर जाऊ. वस्तू बदलायचीच नाही. गाण्यानं फक्त आपण काय करतोय ते मोठ्यानं सांगायचं.

2005 च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'स्पॅमालॉट' हे विनोदी संगीत नाटक आलं. शब्द एरिक आयडल यांचे, संगीतात त्यांच्याबरोबर जॉन डू प्रे. राजा आर्थरच्या दंतकथेची ही टवाळी. त्यात एक सरदार आणि तळ्याची देवी यांचं प्रेमगीत आहे, आणि त्या प्रेमगीताचा विषय प्रेमगीत हाच आहे. प्रत्येक नाटकात असं एक गाणं असतंच, ते हळू सुरू होतं, मग चढत जातं, असं ते दोघं एकमेकांना डोळ्यांत डोळे घालून सांगतात. वरून झुंबर खाली येतं, तो अँड्र्यू लॉइड वेबरच्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'ला चिमटा.

यातला एक विनोद पेटीवर समजून घेता येतो. बऱ्याच इंग्रजी नाट्यगीतांत शेवटाकडे तेच कडवं एक पट्टी वर नेऊन म्हणायची रीत आहे. काळी एकमध्ये चाललेलं गाणं अचानक काळी दोनमध्ये. शब्द तेच, चाल तीच, पण ऐकणाऱ्याला वाटतं भावना उचंबळली. हे बटण फार खात्रीचं असल्यामुळे ते फार वेळा दाबलं गेलं. 'स्पॅमालॉट'मधले प्रेमिक पट्टी चढवतात, पुन्हा चढवतात, आणि मग तक्रार करतात की आता हे आमच्या गळ्याच्या बाहेर चाललंय. भावना उंच गेली म्हणायचं, प्रत्यक्षात घसा बसलाय.

गाण्याच्या प्रकाराचीच टर उडवायची ही कल्पना मात्र जुनी. 1728 मध्ये लंडनमध्ये जॉन गे यानं 'बेगर्स ऑपेरा' रचला. त्या वेळी इटालियन ऑपेराचा दबदबा होता. गेनं रस्त्यावरच्या ओळखीच्या चाली उचलल्या, त्यांवर नवे शब्द बसवले, आणि ऑपेरातले उदात्त प्रेमिक काढून चोर, दरोडेखोर, दलाल उभे केले. 1928 मध्ये बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्यावरून 'थ्रीपेनी ऑपेरा' केला. आणि 1978 मध्ये पु. ल. देशपांड्यांनी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला, पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं तो रंगमंचावर आणला, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. अंकुश हा गुंड नंदू भेंडे यांनी केला, गळ्यात रॉकचा बाज घेऊन. एकाच नाटकात लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक शेजारी शेजारी बसले की प्रत्येक शैली दुसरीला वाकुल्या दाखवते. गुंडानं प्रेमाचं गाणं म्हटलं की प्रेम खोटं वाटत नाही, पण गाण्यावरचा विश्वास थोडा डळमळतो.

7. करून बघू

आता हात घालूनच पाहू. आपल्याला एक जुन्या वळणाचं प्रेमगीत हवंय आणि त्याची टर उडवायचीय. दोन्ही आपणच लिहू, म्हणजे कुणाचं मन दुखायला नको.

आधी मापट्याची ओळख. मराठी गाण्यात ओळ मात्रांनी मोजतात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. 'चंद्र' मध्ये 'चं'ची अनुस्वारामुळे दोन, 'द्र'ची एक, मिळून तीन. पादाकुलक नावाच्या वृत्तात ओळीला सोळा मात्रा असतात, आठ-आठांच्या दोन तुकड्यांत. म्हणायला सोपं, टाळीला सोयीचं.

सरळ गाणं असं:

येता येता गुणगुणसी तू,
चंद्र उगवला तुझ्याच साठी,
वाट पाहतो मी या काठी.

फार भारी नाही, पण चालून जाईल. चंद्र आहे, वाट बघणं आहे, पाण्याचा काठ आहे. 'गुणगुणसी' असं रोज कुणी बोलत नाही, पण गाण्यात असंच बोलतात. तो जुनाट वास आपल्याला हवाच आहे.

आता टर. पहिला प्रयत्न:

येता येता शिंकसि का तू,
ट्यूब उडाली तुझ्याच साठी,
बीम संपला, मारू गाठी.

मोजून पाहा, मात्रा सोळाच आहेत. तरी हसू येत नाही. प्रत्येक ओळ वाकडी आहे. टॉवेलच्या भाषेत सगळेच धागे सैल सोडले, ताठ काहीच उरलं नाही, मग लूप कशावर उभा राहणार? हौशी कार्यक्रमांतली बहुतेक विडंबनं इथंच पडतात. गाणाऱ्याला पहिल्या ओळीपासून आपण विनोदी आहोत हे सांगायची घाई असते.

दुसरा प्रयत्न:

येता येता गुणगुणसी तू,
चंद्र उगवला तुझ्याच साठी,
बीम संपला, मारू गाठी.

दोन ओळींना हात लावलेला नाही. बीम म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ. तो रिकामा झाला की नव्या बीमचं एकेक टोक जुन्याला गाठ मारून जोडावं लागतं; तोवर माग बंद. चंद्राकडे बघत असलेला नायक एकदम कामगार निघाला. पण 'मारू गाठी' म्हटल्यावर लग्नगाठही ऐकू येते, म्हणजे प्रेम अजून तिथंच आहे, फक्त अंगावर सूत लागलंय. वस्तू बदलली तरी जुन्या अर्थाची एक कड हातात राहिली पाहिजे. अत्र्यांच्या बरणीत गुलाबच असतात, हे विसरू नका.

हवं तर आणखी दोन ओळी:

येता येता गुणगुणसी तू,
मला ऐकु ये खटखट खटखट.

इथं शब्दानंच मागाचा ठेका धरला. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभरच्या वर ठोके देतो. त्यात प्रेयसीनं कितीही गुणगुणलं तरी पोचणार काय?

हे सगळं कागदावर उतरवून मी जॉबरला दाखवायला गेलो. मनात थोडा तोरा होताच. दुपारची सुट्टी होती, ते मागाला टेकून डबा खात होते. कागद लांब धरून त्यांनी ओठांतल्या ओठांत वाचलं. पहिल्या दोन ओळींना मान हलली. तिसरीला हसले. मग भुवया आवळल्या.

"सर, कुठला बीम संपला?"

"म्हणजे?"

"टॉवेलला दोन असतात की ओ. तुम्हाला दावले होते न्हवं? एक खालचा, ताठ. एक वरचा, लूपचा." त्यांनी भाकरीच्या तुकड्यानं आधी खाली, मग वर दाखवलं. "दोन्ही एकदम कधीच संपत न्हाईत. वरचा आधी संपतोय. सैल सोडलाय न्हवं, लूप खातोय सगळा धागा."

मी कागद परत मागितला. त्यांनी तो घडी घालून खिशात टाकला. गणपतीला पोराला म्हणायला देतो म्हणाले, "पण वरचा असं लिहून द्या."

'वरचा' मध्ये चार मात्रा. आठ दिवस झाले, ओळीत बसत नाही.